पापणीवरची जादा कातडी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आलेलं सामान — डोळ्यात घालायचे थेंब, बाटल्या दोन, ३८० रु. मलम १४५. डोळ्यांवर गार ठेवायच्या निळ्या पिशव्या दोन, २४०. (बर्फ रुमालात बांधला असता तर काय बिघडलं असतं?) काळा चष्मा, अंकिताने पुण्याहून कुरिअरने पाठवला — ११९९! लेकीकडून किंमत खोडायची राहिली. शहाळी चार, २४०. ती ह्यांनी आणली, घासाघीस न करता.

ऑपरेशनचा आकडा वहीत मांडला नाही. तो अंकिताने भरला. लेकीचे पैसे, आणि असल्या कामाला. हात धजला नाही.

काल झालं. आधी बसवून निळ्या पेनने पापण्यांवर रेघ काढली — आपण ब्लाउज बेतताना खडूने काढतो तशी. सुई टोचेपर्यंत रामरक्षा चालू होती. मग दुखलं नाही, नुसतं कोणी ओढतंय असं वाटत राहिलं. अक्षर मोठं येतंय, फटीतून दिसतंय तेवढ्यावर लिहितेय. वाकायचं नाही म्हणालेत, म्हणून देवासमोर उभ्यानेच हात जोडले.

हे सगळं त्या साखरपुड्याच्या फोटोंपायी. एकूण एक फोटोत मी रडून आल्यासारखी! अंकिताच्या होणाऱ्या सासूने तिला बाजूला घेऊन विचारलं म्हणे — आईंना हे लग्न पसंत नाही का? माझ्याइतका आनंद त्या दिवशी मांडवात कुणाला नव्हता. पण आमच्या माहेरच्या पापण्याच अशा. आईच्या, अक्काच्या, माझ्या. वरची कातडी डोळ्यावर छपरासारखी उतरलेली, खाली पिशव्या. पोरगी फोनवर रडली. "मे महिन्यात लग्न आहे. माझ्या लग्नात तू हसलेली दिसली पाहिजेस."

होऊ दे म्हटलं. जानेवारीत गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा, झाला की मंगळवेढ्याला अक्काकडे जायचंच आहे. तिथे झोपेन.

१९ नोव्हेंबर

सूज. सुनेने, दिपालीने, जपाची माळ हातात आणून दिली. तेवढंच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांनी सगळीकडे सांगून टाकलं — मोतीबिंदूचं झालं! मला विचारलंसुद्धा नाही. "मग काय सांगू? बायको चोपन्नाव्या वर्षी नटायला गेली म्हणून?"

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, खाटेवरून ओरडल्या — "तुजा कवा पिकला गं मोतीबिंदू? माजा पिकून गळायला आला, माज्याकडं कोन बगंना!"

खरंच आहे. दोन वर्षं करू करू म्हणतोय. माझ्या खोट्याचं झालं आणि त्यांच्या खऱ्याचं राहिलं. आज जपात मन लागलं नाही. ह्यांनाही ते बोलणं झोंबलं असावं — म्हणाले, गड्डा झाला की आईचं करून घेऊ.

२४ नोव्हेंबर, सोमवार

टाके काढले. डोळ्याभोवती जांभळं-पिवळं, वांगं भाजल्यासारखं. जाईल म्हणाले.

डॉक्टर आमच्या मुलाच्या, अभिमन्यूच्या, वयाचा असेल. आरसा पुढे धरून म्हणाला, "काकू, कुणालाही कळणार नाही. लोक फक्त म्हणतील, बऱ्या दिसता. न कळणं हेच तर आमचं काम."

कुणालाच कळणार नसेल तर एवढे पैसे कशाचे? अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

जादा कातडी सगळी नाही काढली म्हणे. डोळा मिटायला लागते तेवढी राखावी लागते. फार काढली की माणूस कायमचा दचकलेला दिसतो. बरं झालं राखली. मिटायचे तर आहेतच एकदा.

आरशात आधी अंकिताच दिसली. मग हनुवटीवरचं गोंदण बघितलं. मीच.

११ डिसेंबर, मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार

डाग गेले. आज भजनी मंडळात गेले. पदर पुढे ओढून बसले. पण कुणालाही कळलं नाही! बजाबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू काढल्यावर तोंडावर किती तेज आलं की तुमच्या! कोणता डॉक्टर?" दोघी-तिघींनी पत्ता मागितला. मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते. आणखी एक खोटं. एक लपवलं की त्याला पिलं होतात.

उठताना बजाबाईच हळूच म्हणाल्या, "पण पहिल्यासारखी तंद्री लागत न्हाई हो तुमची आता." हसूच आलं. इतकी वर्षं ह्या बायका नव्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या — बघा, भजनात असं तल्लीन व्हावं. पापण्या खाली उतरलेल्या दिसायच्या, म्हणून! तल्लीन मी तेव्हाही व्हायचे, आजही झाले. पण आज डोळे उघडे दिसले, तर म्हणे लक्ष नाही. त्याच कातडीला घरी झोपाळू म्हणायचे आणि देवळात समाधी.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शेजारची नीलव्वा साड्या घेऊन आली. "वैनी, तुमाला आता लई चांगलं दिसतंय म्हणं. एवढे फॉल लावून द्या की. मला सुई दिसंना झालीय बगा."

दिपालीने ज्वारी निवडायला दिली. "आई, आता तुम्हाला खडे दिसतात ना!" ती पतपेढीत दिवसभर मान मोडून येते, तिचंही खोटं नाही.

दिसत तर मला पूर्वीही होतं! पण पूर्वी माझं तोंड बघून कुणाला काम सांगवत नव्हतं. हात पुढे करून मागे घ्यायचे. "राहू द्या, तुम्ही दमलाय." आता कोणी घेत नाही मागे.

टवटवीत. हा शब्द ऐकून ऐकून कंटाळा आला. कोथिंबिरीला म्हणतात तसा.

२ जानेवारी

अक्काचं कार्ड. तिला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून फोनवर नुसतं काय? काय? म्हणून कार्डच. एवढंच लिहिलंय — "हुरडा लागला. शेण्या रचून ठिवल्यात. खाट तुजी ऊन दाखवून ठिवली. कधी येतीस."

कधी येतेस ते माझ्या हातात कुठंय. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माहेरी जाते असं मी कधी तोंडाने म्हटलं नाही. आमच्याकडे सून जाते म्हणत नाही. तिला जाऊन ये म्हणावं लागतं. पण तक्रार नव्हती. गड्डा संपला की माझ्याकडे बघून आत्याबाईच म्हणायच्या — "त्वांड बग कसं उतरलंय रडकीचं. जा, चार दिस भनीकडं जाऊन ये." पिशवी तर मी आधीच भरलेली असायची!

कार्ड देवाच्या फोटोमागे ठेवलं.

१७ जानेवारी, शनिवार

होटगीचे पाहुणे आज गेले. गड्ड्याला दरवर्षी येतात, सिद्धेश्वराचं दर्शन होतं, पोरं पाळण्यात बसतात, आनंद आहे. पण किती भाकरी थापल्या ते विचारू नये. कंबर कागदासारखी दुमडलीय.

पिशवी माळ्यावरून काढली, झटकली. जेवताना मुद्दाम ट्यूबलाइटखाली बसले — ह्यांच्या समोरच. बघू दे एकदा नीट म्हटलं.

ह्यांनी बघितलं. चांगलं बघितलं. मग म्हणाले, "यंदा गड्ड्याचं काही जाणवलंच नाही तुला. छान दिसतेस."

एकतीस वर्षांत छान म्हणाले नव्हते कधी. तेही नेमकं आज.

पिशवी घडी घालून उशीखाली ठेवली.

१८ जानेवारी

अभिमन्यू दारात घुटमळत होता. "आई, यंदा तू एकदम फ्रेश आहेस, तर आम्ही दोघं चार दिवस गोव्याला जाऊन येऊ का? आजीचं ऑपरेशन तू आणि बाबा बघाल ना?"

दिपाली त्याच्या मागे उभी. डोळ्यांखाली काळं, बोलत नव्हती. मीही तशीच उभी राहायचे. माझ्या तोंडून आपोआप गेलं — "जाऊन या."

म्हणायला अगदीच सोपं आहे की!

२० जानेवारी, मंगळवार

आत्याबाईंचं काल झालं. शिबिरात, फुकट. रिक्षा जाऊन-येऊन १६०.

आज पट्टी काढली. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे मोठ्याने वाचले. मग पंख्यावरची धूळ दाखवली. मग मला पुढ्यात बसवून हनुवटी धरली, उजेडाकडे फिरवली.

"आगं, तू तर लई टवटवीत हायेस की!"

त्यांनी हनुवटी सोडली. मग हळूच म्हणाल्या — "म्हंजी माज्याच डोळ्यात दोष व्हता तर. एवडी वर्सं तुला रडकी म्हनलं. दमल्याली म्हनलं. मोतीबिंदूतनं तसं दिसत व्हतं व्हय. चुकलं गं माजं."

आत्याबाई चुकलं म्हणाल्या! जन्मात कुणाला म्हणाल्या नाहीत. आणि म्हणाल्या तेही जे चुकलं नव्हतं त्याबद्दल. त्यांना तेवढं बरोबर दिसत होतं. एवढ्या घरात त्यांनाच दिसत होतं.

लगेच पुढचं — "एवडी नीट हायेस तर रथसप्तमीचं हळदीकुंकू यंदा मोटं करू. गल्लीतल्या समद्या बायका बोलीव."

अक्काच्या कार्डाला अजून उत्तर दिलेलं नाही. हुरडा संपत आला असेल.

२५ जानेवारी, रथसप्तमी

हळदीकुंकू झालं. तिळगूळ पुरला. वाणाच्या वाट्या ४५० च्या, तीन उरल्या. एकीने विचारलं, रात्री चेहऱ्याला काय लावता? म्हटलं, काही नाही. नशीब खरं बोलता आलं एकदा.

२६ जानेवारी

आज असं झालं —

दुपारी आत्याबाईंच्या डोळ्यात थेंब घालायला वाकले आणि उठताच येईना. बाटली हातात. तशीच त्यांच्या खाटेच्या काठाला धरून खाली बसले.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"मग बसलीस का?"

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं. म्हटलं, आत्याबाई, तुमच्या डोळ्यात दोष नव्हता. मला मोतीबिंदू नव्हताच. पापणीवरची जादा कातडी काढून घेतली, अंकिताच्या लग्नाच्या फोटोसाठी. तुम्ही पूर्वी जे बघायचात ते बरोबर होतं.

वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी अंगठा माझ्या पापणीवरून फिरवला. शिवण बघावी तसा. खूण लागली नाही.

"कातडीच काडली व्हय. बरं काडलंय मेल्यानं." मग जरा वेळाने — "मग ती दमल्याली हुती, ती कुटं गेली?"

"इथंच आहे," म्हटलं.

दुसऱ्या बाटलीतला थेंब राहिला होता, तो मी उठून घातला.

२७ जानेवारी

वाट बघितली. आत्याबाई आज तरी जाऊन ये म्हणतील असं वाटलं. त्या कढी छान झाली म्हणाल्या.

अभिमन्यू-दिपाली परत आले. पोरीचा चेहरा उतरला होता तो भरलाय. बरं वाटलं. खरंच.

२९ जानेवारी, गुरुवार, एकादशी

सकाळी ह्यांना आत्याबाईंचे थेंब घालायला शिकवलं. पहिले दोन गालावर. तिसरा बरोबर.

"पण तू कुठं चाललीस?"

"अक्काकडे."

"कोण म्हणालं?"

"मी."

खाटेवरून आत्याबाई हसल्या. मोठ्याने! "बग की रं बापू, एवडं डोळं फाडून काय बगतूस. तिनं सांगितलं न्हवं."

कार्ड ५० पैसे. पेटीत टाकून आले. मजकूर इथे उतरवून ठेवते —

ती. अक्कास नमस्कार. यंदा मला कुणी जा म्हटलं नाही, मीच येते आहे. हुरडा संपला असला तरी चालेल. खाट काढून ठेव. परत कधी जाणार ते आल्याबरोबर विचारू नकोस. आणि माझ्या तोंडावर जाऊ नकोस. मी दमले आहे. ७ फेब्रुवारीला, शनिवारी, सकाळच्या एसटीने निघते, तरी स्टँडवर न्यायला कुणाला पाठवतेस ते उलट टपाली कळव.