बिनदाताचा देवमासा

४ मार्च
ठरलं! पॅसेजची भिंत माझी. देवमासे आणि डॉल्फिन – भिंतभर समुद्र! कुणाला विचारलेलं नाही. विचारलं की लोक उत्तर देतात.
दातांच्या दवाखान्यात दिवसभर "नाव सांगा, बसा" करायचं, आणि समोरच्या टीव्हीवर सतत समुद्र. आज देवमाशाने अशी काही उसळी घेतली की मी एका पेशंटला "बसा"ऐवजी "मारा उडी" म्हणाले. काहीतरी करायलाच हवं.

६ मार्च
पहिला डॉल्फिन झाला. हे बूट काढता काढता म्हणाले, "पायमोजा छान जमलाय."
यांच्याशी बोलणं बंद.

७ मार्च
बोलले. मीठ सापडत नव्हतं त्यांना.

९ मार्च
दुसरा डॉल्फिन बरा आलाय. हसरा. जरा जास्तच – आमच्या दवाखान्याची जाहिरात वाटते.
बाबा, म्हणजे माझे सासरे, खोलीतून येऊन बघून गेले. तोंडावर हात. बाबांचे दात काढल्यापासून तो हात तिथेच. आमच्या डॉक्टरांनी कवळी करून दिली – "टोचते." दोनदा घासून आणली – "आता दोन्हीकडून टोचते." बागेत जाणं बंद, मित्रांचे फोन बंद, कारण 'स'चा 'फ' होतो. (इथे मी 'स'च लिहिते.) पूर्वी हसले की अख्ख्या जिन्याला कळायचं. सासूबाई गेल्या तेव्हाही असे मिटले नव्हते. काय करावं, सुचत नाही.

१२ मार्च
मोठा निळा देवमासा सुरू! डोकं स्वयंपाकघराशी, शेपूट थेट बाथरूमच्या दारावर. हे म्हणाले, "म्हणजे दार उघडलं की शेपूट हलणार?" टोमणाच होता. पण काय कल्पना!
बाबा स्टूल घेऊन मागे बसले.
"याचे दात कधी काढणार?"
"याला दात नसतात, बाबा."
"काढले?"
"मुळातच नसतात."
"मग खातो काय?"
"समुद्राचं पाणी तोंडात घेतो, बारीक बारीक जीव गाळून ठेवतो, पाणी सोडून देतो."
"एवढं धूड – आणि बोळकं?"
"जगातला सगळ्यात मोठा प्राणी!"
स्टूल भिंतीजवळ ओढून वाकून बघायला लागले. हात कधी खाली आला, त्यांनाही कळलं नसावं. मग म्हणाले, "शेपूट मी रंगवतो."

१३ मार्च
डॉक्टरांना मोबाईलवर फोटो दाखवला. "दात विसरलात." नसतातच, म्हटलं. दाराकडे बघत हळूच म्हणाले, "पेशंटना सांगू नका हं."

१५ मार्च
बाबांनी शेपूट रंगवलं. शिवाय कडी, दिव्याचं बटण आणि माझी एक चप्पल. हे निळा हात घेऊन ऑफिसला गेले. साहेबांशी हात मिळवला म्हणे. आता साहेबही निळे.

१८ मार्च
बाबांनी समोरच्या आजोबांना बोलावून आणलं – स्वतः! बाथरूमचं दार उघड-मीट करून शेपूट हलवून दाखवलं. आणि मोठ्यांदा, "याला दात नफतात!"
मग हसले. तेच जुनं हसू, जिना दणाणून सोडणारं. मी भांडी घासत होते. डोळ्यांत साबण गेला.

२३ मार्च
बाबा रोज बागेत. कवळी डब्यात. आज इस्त्रीचा शर्ट मागितला. देवमासा वीतभर राहिलाय आणि माझा मदतनीस फिरायला!

३० मार्च
बाबांनी जेवता जेवता सांगितलं – बागेत एक बाई भेटतात. पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या. पुढच्या महिन्यात लग्न.
यांचा घास हातातच राहिला. मग यांनी विचारलं, "मी त्यांना काय म्हणू?"
"आधी 'या, बसा' म्हण. बाहेर जिन्यात उभ्या आहेत."