तासाला साठ

भोसरी, मंगळवार

आई, पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. फोनवर आवाज जड होतो, म्हणून लिहितोय.

कंपनीत माझा फोटो फळ्यावर लागलाय. साहेब घड्याळ लावून काम मोजत होते, तेव्हा मी जोशात तासाला साठ पार्ट काढले. तिथंच माती खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनाच साठचं टार्गेट. शेजारच्या मशीनवरचे हिंदुरावकाका रोज सगळ्यांदेखत बोलणी खातात. मलाही रोज साठ झेपत नाहीत गं. सकाळी भोंगा होईपर्यंत गेटबाहेरच थांबतो.

तुझे गुडघे कसे आहेत?

शेंगदाण्याची चटणी एकत्र डबा खाणाऱ्या आम्हा चौघांपुरती पाठवतेस, ती आता एकट्यापुरतीच पाठव. उरते.

तुझा,
गणराज