मले ताप नव्हता!

नागपूर, २६ मार्च २०२१

तीर्थस्वरूप मीराबाईस,

धाकट्या मनोहरचा दोन मीटर अंतरावरून साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींची शुगर आटोक्यात असेलच. तुझी भावजय शामला चार दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे अमरावतीला आली आणि लॉकडाऊनमुळे महिना झाला तरी अडकली आहे. ती तुझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करत नसावी. मी खुशाल आहे. मात्र माझी जी बेअब्रू झाली, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सोमवारी महाल भागातल्या आपल्या घरातून स्कूटर काढली. विद्यापीठात सध्या निम्म्याच लोकांना बोलावतात, पण मी गेलो नाही तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला वाली नाही. फाटकावर भर उन्हात चुन्याचे गोल आखलेले, आणि त्यात एकेक कर्मचारी उभा. सॅनिटायझरचं पायडल दाबलं तर धार थेट चष्म्यावर. डोळे पुसतोय, तोच सुरक्षारक्षक दिपालीने (नवीन आहे, नियम तोंडपाठ आहेत) ती तापमापक बंदूक माझ्या कपाळावर रोखली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडली, "एकशे एक पॉइंट तीन! काका, बाजूले व्हा."

बाई, मी सत्तावीस वर्षं तापमापक हाताळतो! मी तिला शांतपणे (रांगेतले म्हणतात, ओरडून) समजावलं की नागपूरच्या उन्हात स्कूटरवर आलेल्या माणसाचं कपाळ तापणारच. पुरावा म्हणून बंदूक हिसकून कुलसचिवांच्या गाडीच्या बॉनेटवर धरली. लाल दिवा लागला, बंदूक बोंबलायला लागली. तर ही म्हणते, "गाडीले ताप असन तं तिले बी थांबवू. तुम्ही काहून रांग अडवून राहिले?"

मी सावलीत फेरतपासणीची मागणी केली. अर्धा तास निंबाखाली बसलो, मठ्ठा प्यालो, कपाळावर ओला रुमाल ठेवला. पुन्हा मोजलं तर एकशे एक पॉइंट आठ! यावरून बंदूक किती बिघडलेली आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

मग आरोग्य केंद्रात नाकात काडी घातली (मेंदूपर्यंत) आणि अहवाल येईपर्यंत मला मुलींच्या रिकाम्या वसतिगृहात कोंडलं. होय, मुलींच्या! मुलांच्या वसतिगृहाला रंग देऊन राहिले म्हणे. गुलाबी पडदा, दारावर 'पुरुषांना सक्त मनाई' ही पाटी, आणि सात वाजता रेक्टरबाई माझी हजेरी घेतात. काल म्हणाल्या, खिडकीत बनियन वाळत घालू नका, नियम आहे. पंचावन्न वर्षांच्या माणसाला!

जेवणाचं तर विचारूच नकोस. वांग्याच्या भाजीला ना चव ना वास. मी मेसवाल्या बापूजींना दारातूनच झापलं. तेवढ्यात समोरच्या खोलीतले धम्मानंद (ग्रंथालयात असतात, भला माणूस) तीच भाजी खाऊन ठसक्याने लालबुंद झाले. पाणी पिऊन म्हणाले, "मनोहरराव, जरा साबण हुंगून पाहा बरं." मी हुंगला. साबणही हलक्या प्रतीचा निघाला.

सविस्तर तक्रार अर्ज लिहून ठेवला आहे. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा अपमानित भाऊ,
मनोहर

ता. क. – अहवाल आला. पॉझिटिव्ह. ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे, तू घाबरू नकोस. मी घाबरून घेतलं आहे. दिपालीने फाटकावरून नारळपाणी पाठवलं. तत्त्व म्हणून परत करणार होतो, पण दोन्ही नारळ प्यालो. आता खरं काम. शामलाला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. तिला दमा आहे, आणि कळलं तर बस नसली तरी ती पायी निघेल. गुडघ्यांचं निमित्त करून तिला आणखी पंधरा दिवस ठेवून घे. फोनवर ती बाजूलाच असते, म्हणून या पानांचे फोटो भाऊजींच्या मोबाईलवर पाठवतो आहे.

ता. क. दुसरा – फोटो नीट दिसतात का, विचारायला भाऊजींना फोन केला, तर ते बोलून गेले, "मनोहरराव, तुमचा बी पॉझिटिव्ह? शामलाबाईचा तं मागच्या आठवड्यातच आला!" म्हणजे आठ दिवस ती तुमच्या वरच्या खोलीत पडून आहे, आणि मला सांगायचं नाही असं तुम्ही दोघींनी ठरवलं! सख्ख्या भावापासून इतकी मोठी गोष्ट लपवतात, बाई? असली लपवाछपवी मला बिलकूल खपत नाही. तिचा ताप उतरला का, दम लागतो का, दोन घास जेवते का, ते लगेच कळव. आणि मी विचारलं, हे तिला सांगू नकोस.