दुसऱ्या दिवशी हसणारा माणूस

बाबा, तो टीव्हीतला माणूस काल पुन्हा हसला. माझा जीव असा तळतळला की हातातला चिवडा मी तसाच वाटीत टाकून दिला. तुम्ही गेले तेव्हा आपल्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून आधीपासून सांगते. माझी नात, लई गोड पोरगी, नाक अगदी तुमच्यावर गेलं, ती संध्याकाळी मले बाजूले बसवते अन् एक मालिका दाखवते. त्यातला मोठा माणूस चोरीचा कोळसा विकणारा गुंड आहे, पण पाहत राहावंसं वाटते. त्यानं आपल्या धाकट्या भावाले मालासंगं पाठवलं अन् भाऊ तिकडंच मारला गेला. तर हा एका भागात भावाचा शर्ट छातीशी धरून लोळून लोळून रडते, अन् पुढच्याच भागात काळा चष्मा लावून दोस्ताच्या हळदीत नाचते! मग पुन्हा रडते. मग पुन्हा सगळं विसरते. मी म्हटलं, "खोटा आहे वं हा. भाऊ याच्या पायी मेला, अन् याच्या अंगात नाच कुठून येते?" नात म्हणते, "आजी, दर भाग लिहिणारा वेगळा असते वं. आधीच्यानं काय लिहिलं ते याले माहीतच नसन." घ्या! आता माणसाचं दुःखही पाळीपाळीनं लिहून राहिले. ती हसली, मीही हसली. तिच्यासंगं बसली की मी कशावरही हसते. पण मग ती क्लासले गेली, अन् मले आपल्या उमरेडच्या घरातला माग दिसून राहिला.

तुम्ही मागावर बसले आहात, आई कांड्यांवर सूत गुंडाळून राहिली. रंगवलेल्या सुताच्या लड्या तलावावर नेऊन धुवायच्या, ते काम दादाचं. ओली लडी किती जड होते ते आपल्या लोकाले माहीत. तुम्ही रोजच्यासारखं आतूनच ओरडता, "लडी सोडू नको रे! पाण्यात गेली तर घरी येऊ नको." अन् दादा सोडत नाही. पाय घसरला, पाण्यात गेला, बुडाला, तरी सोडत नाही. लोकांनी बाहेर काढलं तेव्हा लड्या त्याच्या हाताले गुंडाळलेल्या होत्या. लाल रंग पक्का बसला होता, जरासाही गेला नव्हता.

त्यानंतर मी घागर घेऊन येताना दिसली की तुम्ही मागावरून उठत. "जड होते का वं? टाकून दे! सांडू दे!" शेजारपाजारचे हसत. मी घागर अर्धीच भरायची. अन् त्याच उन्हाळ्यात मावशीच्या पोरीच्या लग्नात तुम्ही वरातीत नाचले. दारू नाही, काही नाही. टोपी हातात, डोळे मिटलेले, तोंडभर हसू. मग जेवणाच्या पंगतीत आई भरल्या ताटावरून उठली ती घरी येऊनच बोलली, "पोरगं घालवलं अन् नाचता काहून?" तुम्ही म्हटलं, "बँड वाजला, म्हणून नाचलो." एवढंच. मग आई मरेपर्यंत तुमच्याशी कामापुरतंच बोलली.

म्हणून त्या टीव्हीवाल्याचा मले एवढा राग येते. त्याचे लिहिणारे बदलत असतील. तुमचं कोण लिहून राहिलं होतं, बाबा? घागर पाहून ओरडणारे तुम्ही खरे, का वरातीत हसणारे? आई मनातल्या मनात विचारत गेली, तुम्ही न सांगता गेले. माग मोडून चुलीत गेला. तलाव पाहून यावा म्हटलं तर गुडघे चालत नाहीत, अन् तलावाले तरी काय माहीत असणार. नात म्हणते, "थांब ना आजी, शेवटच्या भागात कळन." तिचं वय आहे तसं म्हणायचं. मी मान हलवते. तुमचा शेवटचा भाग होऊन गेला, अन् मले काहीच कळलं नाही. आता कळणारही नाही.

चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर पाहाल तर रागावाल. हे पत्र टाकायचं कुठं, ते पोस्टमनलेही सांगता येणार नाही. उद्या याच कागदावर मिरच्या वाळू घालीन.

एक राहिलं. त्या वरातीत तुम्ही माझा हात धरून मलेही ओढलं होतं. आई तुमच्याकडंच पाहून राहिली होती, तिले मी दिसलीच नाही. मी नाचली, बाबा. बँड थांबेपर्यंत मले दादा आठवला नाही.