अंबाडी समजून

५ जून
ह्यांना सात वर्षं. सक्तमजुरी. जजसाहेब वाचत होते तेव्हा वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय. आपल्या मागच्या खोलीत, दिव्यांखाली, गांजा! आणि रोज पाणी घालणारी कोण? मी. अंबाडी समजून.

६ जून
डोळ्याला डोळा नाही. पान हुबेहूब अंबाडीचं हो! हे म्हणाले होते, कंपनीचं नवं बियाणं, उजेडाचा प्रयोग आहे. सासूबाई एकदा भाजीला खुडायला गेल्या तर केवढ्याने ओरडले त्यांच्यावर! तरी माझ्या डोक्यात प्रकाश नाही.
सासूबाईंचं अजून तेच. "अंबाडीसाठी कोनी जेलात टाकते का वं?"
ह्यांनाही कुणी फसवलं असेल. मी साक्षीत तेच सांगितलं. "पाणी मीच घालायचे, मला अंबाडी वाटली." सगळं कोर्ट हसलं.

९ जून
डोणगावच्या बाजारात गेले. भाजीवालीनं अंबाडीची जुडी पुढे केली आणि शेजारणीकडे पाहून हसली. रिकामी पिशवी घेऊन परत.

१९ जून
अपिलाच्या वकिलांचा फोन. खुशीत. "ताई, तुमची साक्षच कामी येऊन राह्यली." मी म्हटलं, बरं झालं बाई. मग नीट कळलं. पाणी मी घालायचे, म्हणजे खोलीत माझाही वावर. किल्ली खिळ्याला, कुणीही घ्यावी. मग झाडं ह्यांचीच कशावरून?
"मंग कोनाची?" मी विचारलं.
"ते आपल्याले सांगाची गरज नाही, ताई."
घरात माणसं तीन. सासूबाई ऐंशीच्या. मग राहिलं कोण?

२० जून
हे वकिलाचंच डोकं. ह्यांना कळलं तर फाडून खातील त्याला. सोमवारी भेटीला जाते, सांगते.

२४ जून
जाळीपलीकडे हे. फार वाळलेत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "वकिलाले मीच सुचवलं ते. तुले काही होत नाही. बाईमानूस हायेस."
मीच सुचवलं!
जाळी घट्ट धरली. कसंबसं विचारलं, "अंबाडी समजून पानी घातलं मी, तुम्हाले तरी माहीत हाये ना?"
"हाव. पन ते आता कोनाजवळ बोलू नोको."

२५ जून
म्हणजे ह्यांना सगळं... पहिल्या दिवसापासून...
चीड येते. रडू येत नाही.

१ ऑगस्ट
उद्या नागपूरला अपिलाची सुनावणी. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, मलाही बसवलं. "तूही माग वं. माहा पोरगा सुटू दे म्हनून."
हात जोडले. "सुटू दे," एवढंच म्हटलं. कुणाला, ते नाही बोलले.