ओळीमधला श्वास

४ सप्टेंबर

चि. कर्णीस,
अ. उ. आ.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला म्हणून माझा मीच कान धरतो. तू समोर नाहीस तोवर धरायला हरकत नाही, समोर असतीस तर पिरगाळला असतास.

इकडे सर्व ठीक. पियानो लावणारा परवा येऊन गेला. त्याचं म्हणणं, मधल्या सप्तकातल्या हातोड्यांची लोकर मी पार झिजवून टाकली आहे आणि बाकीचा पियानो मात्र त्या मानाने तरुण आहे. झिजणारच. बेचाळीस वर्षं माझे दोन अंगठे तुझं गाणं तिथेच गाताहेत.

आता मुद्द्याचं. वीस ऑक्टोबरला, दुपारी चार वाजता, माझा शेवटचा कार्यक्रम आहे. तोही आपल्या जुन्या थिएटरात, जिथे मी ऑपेराच्या तालमींना पियानो बडवायचो आणि तू कोरसच्या दुसऱ्या रांगेत उभी राहून मला वेडावून दाखवायचीस. शेवटी आपली तीच रचना वाजवणार. त्या ऑपेरात घर सोडून निघालेली मुलगी बापाचा निरोप घेताना गाते ते गाणं, मी पियानोवर उतरवलेलं. दोन अंगठ्यांत तुझा आवाज, उरलेल्या आठ बोटांत सगळा वाद्यवृंद. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला तिसरा हात आहे. देशोदेशीच्या माणसांनी ते ऐकलं, फक्त जिचं आहे तिने नाही. मी एकोणऐंशीचा झालो, तू एकाहत्तरची. किती ताणशील?

तिसऱ्या रांगेतली डावीकडची खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. तिथून हात दिसतात. यजमानांना नमस्कार. आमचा बुद्धिबळाचा अर्धा डाव राहिलाय म्हणावं.

लोभ आहे तसा राहू दे.

तुझा
दादा

१२ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खरं म्हणजे दोन मिळाली. एकावर चार तारखेचा शिक्का, दुसऱ्यावर सहाचा, आणि मजकूर अक्षरशः तोच. पियानो लावणारा दोन्हींत परवाच येऊन गेलेला. तीस वर्षं टपाल निवडण्यात गेली माझी, शिक्का वाचल्याशिवाय पाकीट फोडायची सवय नाही. आधी हसले. मग दोन्हींत यजमानांना नमस्कार दिसला. दादा, ते जाऊन सहा वर्षं झाली. शेवटी त्यांच्या उशाशी तूच तर बसला होतास. घाईत लिहिलं असशील, असं मी धरून चालले आहे.

मी येणार नाही. का ते तुला माहीत आहे, तरी एकदा लिहूनच टाकते. मोठ्या गायिकेला ताप आला म्हणून मला आयुष्यात एकदा, एकाच प्रयोगात, ती भूमिका मिळाली. त्या निरोपाच्या गाण्यात, सगळ्यात लांब ओळीच्या मधोमध माझा दम तुटला. कोणीही शिकाऊ पोरगी घेणार नाही अशा जागी मी श्वास घेतला. तीन महिन्यांनी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि होता नव्हता तो आवाजही गेला. लहानपणी माझं रडणं कर्ण्यासारखं तीन घरांपलीकडे ऐकू जायचं म्हणून तू मला कर्णी म्हणायला लागलास. त्या कर्णीला पुढे तीस वर्षं टपालाच्या पोत्यांशी बोलायलासुद्धा कुजबुजावं लागलं.

आणि तू काय केलंस? ते गाणं पियानोवर उतरवलंस आणि नेमका त्या जागी दोन्ही हात उचलून थांबलास. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला तुझा प्रसिद्ध विराम म्हटलं. तो माझा तुटलेला दम आहे. माझी फजिती तू जगभर वाजवत हिंडलास. एवढं सोडून माझं तुझ्याशी काही भांडण नाही, पण एवढं आहे.

आता थंडी येईल, हातमोजे घालत जा. राग धरू नकोस, माया आहे तशी ठेव.

तुझी
कर्णी

२० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू बाबांना लिहिलेलं पत्र मी वाचलं. चोरून नव्हे, त्यांनीच तीनदा वाचायला दिलं, प्रत्येक वेळी आत्ताच आलंय असं समजून.

आत्या, आता लपवण्यात अर्थ नाही. त्यांची आठवण चालली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की हे वाढत जाणार. मागच्या महिन्यात शेजारच्या इमारतीत जाऊन परक्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभे होते. वाजवतात मात्र अजून तसेच, कारण हातांना येतं. अडतं ते एकाच जागी, त्या विरामापाशी. तोवर बोटं आपसूक धावतात, थांबली की पुढचं सुचत नाही, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. परवा असं चार वेळा झालं. मी स्वयंपाकघरात कणीक तशीच टाकून कानांवर हात ठेवून बसले.

स्वरलिपीची वही समोर ठेवा म्हटलं तर फटकारलं मला. वही लावून वाजवणं म्हणजे काठी टेकत नाचणं, असं म्हणाले. कार्यक्रम रद्द करू देत नाहीत. भरल्या सभागृहात ते तिथेच फिरत राहिले तर ते त्यांना आयुष्यभर पुरेल असं मी लिहिणार होते, पण तेसुद्धा विसरतील, नाही का? मग आपल्यालाच पुरेल.

तुमच्या भांडणात मी लहान आहे, पडणार नाही. पण तू आलीस की नाही हे त्यांना कळण्याचे दिवस आता थोडे आहेत. जमलं तर ये.

तुझी
भाची

१ ऑक्टोबर

चि. कर्णीस,
अ. उ. आ.

आज डोकं स्वच्छ आहे, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. पोरगी लपवते, पण माझं काय चाललंय ते मला कळतं. असे दिवस आता मोजकेच यायचे.

तुझी फजिती मी वाजवली म्हणतेस. बेचाळीस वर्षं हे पोटात ठेवलंस आणि मला एकदा विचारलं नाहीस! आणि मीही मूर्ख, समजत राहिलो की तुला ते ऐकवत नाही, गेलेला आवाज आठवतो म्हणून.

ऐक. तुझे सूर मला अंगठ्यांत धरता आले. ते कोणालाही आले असते, कागदावर होतेच. पण तू कुठे होतीस त्यात? त्या प्रयोगाला मी बाजूच्या पडद्याआड उभा होतो. ओळीच्या मधोमध तू श्वास घेतलास आणि मला ऐकू आला. ती घर सोडणारी मुलगी तिथे पहिल्यांदा खरी वाटली. पियानोला श्वास नसतो, कर्णे. हात उचलण्यापलीकडे मला काही सुचलं नाही. ती एक जागा सोडली तर त्या रचनेत सगळी माझी हुशारी आहे. तेवढ्यात फक्त तू आहेस.

आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तरी तुझाच आहे.

दादा

२२ ऑक्टोबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

काल घरी पोचले. तू विसरशील, म्हणून सगळं लिहून ठेवते. हे पत्र पियानोच्या बाकाच्या खणात ठेव आणि अधूनमधून वाच.

मी आले होते. राखाडी कोट घालून, तिसऱ्या रांगेत, डावीकडे. थिएटरच्या खुर्च्या नवीन झाल्या आहेत, जिन्याची सातवी पायरी मात्र अजून डुगडुगते. तू सावकाश चालत आलास, नमस्कार करताना एक हात पियानोवर ठेवलास. शेवटी आपली रचना सुरू झाली. दादा, ते किती सुंदर आहे रे! बेचाळीस वर्षं मी कशाला रुसून बसले होते? खाली चेलो, वर व्हायोलिनं, आणि मधून मी चाललेली, दोन अंगठ्यांवर पाय टाकत.

मग ती जागा आली. तू हात उचललेस. माझा दम तुझ्या हातांत थांबलेला मी डोळ्यांनी पाहिला. हात खाली येईनात. लोकांना वाटलं, शेवटचा म्हणून विराम लांबवला. मला तुझा चेहरा दिसत होता. परक्याच्या दाराला किल्ली लावणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. हात हळूहळू पहिल्या पट्टीकडे, सुरुवातीकडे सरकायला लागले.

मी उभी राहिले आणि ओळीचा उरलेला भाग गायले. गायले कसलं, गंजलेली बिजागरी वाजावी तसा आवाज निघाला. मागून कोणीतरी श्श श्श केलं. दोन सूर, तीन सूर, आणि तुझा डावा अंगठा खाली आला. तिथून तू शेवटपर्यंत गेलास. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मी रडत होते.

मागच्या खोलीत तू माझा हात धरून म्हणालास, “कर्णे, आज तू श्वास बरोबर जागी घेतलास.” माझं भांडण तिथे संपलं. आपल्या आईची शपथ, संपलं.

प्रेम आहेच, ते आठवत राहा एवढीच इच्छा.

तुझी
कर्णी

१० नोव्हेंबर

चि. कर्णीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला म्हणून कान धरतो. इकडे सर्व ठीक. पियानो लावणारा परवा येऊन गेला.

पुढच्या महिन्यात आपल्या जुन्या थिएटरात माझा शेवटचा कार्यक्रम आहे. तुझं गाणं वाजवणार. एवढ्या वर्षांत तू एकदाही आली नाहीस, याचं मला फार वाईट वाटतं. काय चुकलं माझं ते तरी सांग.

हल्ली एक गंमत होते. त्या विरामापाशी पोचलो की कोणीतरी पुढची ओळ गातं. तुझाच आवाज, एकोणतिशीतला, अगदी स्वच्छ, घसा जराही बसलेला नाही. पोरीला विचारलं तर ती तोंड फिरवून खिडकी पुसायला लागली.

यजमानांना नमस्कार. अर्धा डाव राहिलाय म्हणावं. माझ्यावर माया असू दे.

तुझा
दादा

१७ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. यजमानांना नमस्कार सांगितला. डाव तसाच मांडून ठेवलाय, सोंगट्यांना हात लावलेला नाही.

तुझं काही चुकलं नाही. मीच हट्टी. आता येते. भाचीशी बोलणं झालं आहे, मागची छोटी खोली ती मला रिकामी करून देते आहे. सामान घेऊनच येते, कारण इतकी वर्षं न ऐकलेलं एका दुपारी ऐकून व्हायचं नाही. थिएटरचं राहू दे, घरच्याच पियानोवर वाजव. माझ्यासाठी एक खुर्ची डावीकडे मांड, तिथून हात दिसतात म्हणे.

पहिल्यांदाच ऐकणार आहे, तेव्हा नीट वाजव. विरामापाशी पोचलास की घाबरू नकोस. मी बसलेली असेन.

तुझी
कर्णी