आत माणूस, बाहेर कुलूप

ता. पाथर्डी,
२ नोव्हेंबर १९९८

ती. सुरेखाताईस,

धाकट्या कल्याणचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठीक. तुम्हीही ठीक असालच असं धरून चालतो, कारण काही बिनसलं असतं तर तुझं पत्र माझ्या आधी आलं असतं. दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, निर्गुडीचा पाला बांधा आणि बांधावर उभं राहून भांडणं जरा कमी करा. (गुडघा त्यानेच दुखतो, असं तुझ्या भावजयीचं, चांगुणाचं मत आहे. मी फक्त कळवतोय.)

दिवाळीत तू विचारलंस की घरी बसून ही कसली नोकरी, आणि दाजी हसले म्हणून मी विषय बदलला. आता सविस्तर सांगतो. पुण्याच्या एका कंपनीची माणसं गावोगाव हिंडून लोकांना विचारतात, घरात माणसं किती, साबण कोणता लावता, चहा किती वेळा. ते कागद माझ्याकडे येतात. कंपनीनेच दिलेल्या कॉम्प्युटरवर मी ते टाईप करतो आणि आठवड्याला एक फ्लॉपी एसटीने पुण्याला रवाना करतो. पाथर्डीला केलेला टायपिंगचा कोर्स असा दहा वर्षांनी उगवला. तीन महिने कंपनी हे काम बघणार, पसंत पडलं तर पुढे चालू. म्हणजे ताई, हे टिकलं तर यंदा ऊसतोडीचा कोयता नाही, पाचटाच्या कोपीत राहणं नाही. आमची सायली दुसरीच्या वर्गात अख्खं वर्ष बसेल. मागच्या वर्षी कारखान्यावरून परत आलो तेव्हा पोर निम्मी बाराखडी विसरून आली होती. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझं नोकरी करण्यामागचं तत्त्वज्ञान आहे.

तर कंपनीने कॉम्प्युटरबरोबर नियमांचा कागद दिला. काम चालू असताना खोलीत परका माणूस नको, कागद कोणाला दिसता कामा नयेत, दार बंद पाहिजे, किल्ली एकाच्याच ताब्यात. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. (तो चांगुणाला माहीत आहे, कारण एकेक अक्षर मोठ्याने म्हटल्याशिवाय माझं बोट चालत नाही.) नियम चांगले, पण ते पुण्याच्या घरासाठी लिहिलेले. आपलं घर म्हणजे एक खोली आणि तिला एक दार. त्या दारात पहिल्या आठवड्यात सकाळपासून माणसं. शेजारच्या सूर्यभानला काचेत बातम्या बघायच्या होत्या. साळूबाई तर शेळी घेऊनच आली आणि दुसऱ्यांच्या घरात साबण कोणता लावतात हे वाचून दाखव म्हणून बसली. त्यात आपल्या दाराला आतून कडी नाही, कधी नव्हतीच. मग मी डोकं लढवलं. चांगुणा सकाळी खुरपायला जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप घालणार, दुपारी भाकरीला येऊन उघडणार. आत माणूस, बाहेर कुलूप. याहून सुरक्षित ऑफिस पुण्यातही नसेल.

पण दसरा उलटल्यावर आपल्या गावात दाराला कुलूप दिसलं की त्याचा अर्थ एकच होतो, हे मी विसरलो. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत एसटी थांब्यावर पक्कं झालं की कल्याणचं बिऱ्हाड कारखान्याला गेलं. संध्याकाळी पुंजाराम मुकादम तोंड पाडून आला. दरवर्षी त्याच्या टोळीत जातो आणि यंदा दुसऱ्याच्या टोळीत कसा गेलो, अशी त्याची तक्रार. मी समोर उभा राहून गेलो नाही म्हणून सांगतोय, तरी त्याचं समाधान होईना.

त्याहून जास्त दुखावली ती दगडाबाई आत्या. कुलूप बघून मी दिवसभर पाथर्डीला जातो असा तिचा समज झाला. तरी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली तिच्याकडे दिली नाही, हे तिला सहन होईना. तीन दिवस तिने समोरच्या ओट्यावरून माझ्याकडे बघितलं नाही. चांगुणाला मात्र ऐकवलं, "गावाच्या किल्ल्या म्या संबाळल्या. माजं काय चुकलं त्ये तरी सांगा."

ताई, तिचं खरं होतं. तुला तिचं ते मडकं आठवतं ना, बाहेर जाणारं गाव ठेवून जायचं त्या किल्ल्यांनी भरलेलं? वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक किल्लीला त्या त्या घरच्या लुगड्याची चिंधी बांधलेली. आपली हिरवी. आई-बाबा कारखान्याला गेले की दिवेलागणीला आपण दोघं तिच्याकडून किल्ली मागून घ्यायचो आणि घर उघडून दिवा लावायचो. तू जात्यावर हात ठेवून म्हणायचीस, "बघ, अजून गरम हाय. आई आत्ताच दळून गेली." मी हात ठेवायचो आणि मलाही ते गरम लागायचं. जातं गार असणार हे आता कळतं, पण तेव्हा तू ते रोज कसं म्हणत होतीस कोण जाणे. तूही नऊ वर्षांचीच होतीस. मला ते दिवस फार आठवतात आणि ते परत यावेत असं मुळीच वाटत नाही, दोन्ही एकदम.

असो. चौथ्या दिवशी कंपनीचे साहेब न कळवता तपासणीला आले. थांब्यावर त्यांनी पत्ता विचारला. उत्तर मिळालं, "गेलं की समदं बिऱ्हाड, ऊस तोडायला." साहेबांना वाटलं, कॉम्प्युटरही गेला. धावत घराशी आले तर दाराला कुलूप. आत्या ओट्यावरून उतरली. आपल्याकडे किल्ली नाही हे परक्या माणसापुढे कबूल करणं तिला शक्य नव्हतं. "हाय की माज्याकडं," असं म्हणून तिने मडकं आणलं आणि साहेबांदेखत एकेक किल्ली लावायला सुरुवात केली. मी आत. ओ का दिली नाही म्हणशील, तर परक्या माणसाला ओ द्यायची नाही असा मीच नियमांत एक वाढवला होता. बाहेर खुडबुड ऐकून मला वाटलं चोर, म्हणून मी मुसळ उचललं. सातवी किल्ली सूर्यभानच्या घराची, तिने कुलूप उघडलं. (बाजारातल्या एकाच पालावरून निम्म्या गावाने कुलपं घेतलेली. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण कोणी कधी दुसऱ्याचं उघडून पाहिलं नव्हतं.) दारात कंपनी आणि आत मी, बंडी, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि मुसळ.

साहेब चांगला माणूस. हसले, गुळाचा चहा प्याले, काम स्वच्छ आहे म्हणाले आणि वहीत बरंच काही लिहून घेतलं. कळवतो म्हणालेत. आत्या आता माझ्याशी बोलते. एकूण बरं चाललंय.

तुझा,
कल्याण

ता. क. आवळ्याचं लोणचं केलं असशील तर बरणी राखून ठेव.

ता. क. दुसरा, ११ नोव्हेंबर. पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं ते बरंच झालं. कंपनीचं उत्तर आलं. काम चांगलं, पण जागा सुरक्षित नाही. काल जीप येऊन कॉम्प्युटर घेऊन गेली. पुंजारामने ट्रकात जागा धरली आहे, परवा निघतो. चांगुणा कोयत्यांना धार लावून आली.

ता. क. तिसरा. तुला आधी विचारायला हवं होतं, पण तुझं उत्तर येईपर्यंत ट्रक निघून जाईल. म्हणून हे पत्र सूर्यभानच्या हाती देतोय, आणि त्याच्याबरोबर सायलीला. दप्तर, दोन फ्रॉक आणि शाळेचा दाखला पिशवीत आहे. तुमच्या सोनईच्या शाळेत दुसरीत बसव. दाजी काही म्हणाले तर माझ्या नावाने काय बोलायचं ते बोलू दे, तिच्यासमोर नको. तू हे दारात उभी राहून वाचत असशील, तर पोर तुझ्यासमोरच उभी आहे. तिला मी सुरेखाआत्याकडे दोन दिवस राहायला जायचं एवढंच सांगितलंय. पुढचं मला सांगता आलं नाही. ते तू सांग.